मोठ्या ताईंचं घड्याळ

त्या दुकानात ती शिरली ती काही घड्याळ दुरुस्त करायला नाही. धुक्यात रस्ता चुकली म्हणून.

दुपारचे तीनच वाजले होते, पण पाणथळीवरून चढलेल्या धुक्याने सगळा बाजार पुसून टाकला होता. भिंती चाचपत चालताना बोटांना काच लागली, काचेनंतर दार लागलं, आणि दार आपसूक आत गेलं. भिंतीभर घड्याळं होती. सगळी टिकटिकत होती... तिने उंबरठ्यावर पाऊल ठेवेपर्यंत. मग एक श्वासभर दुकान गप्प झालं. आणि पुन्हा सुरू झालं.

आतल्या तरुणाने डोळ्यावरचं भिंग कपाळावर सरकवलं. आधी भिंतीकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"हे तुम्ही केलंत?"

"काय?"

"काही नाही. बसा, भिजलात पार."

ती बसली. आणि आलोच आहोत तर म्हणून तिने पिशवीतून जुनं चावीचं घड्याळ काढून त्याच्यासमोर ठेवलं.

ती आरोग्यसेविका होती. पाच वस्त्या तिच्याकडे. बाळ जन्मलं की तिसऱ्या दिवशी, सातव्या दिवशी, मग चौदाव्या, असं करत बेचाळीस दिवसांपर्यंत ती त्या दारात हजर. बाळाला झोळीच्या काट्याला लटकवून वजन घ्यायचं, काखेत थर्मामीटर धरायचा, आणि घड्याळ समोर ठेवून पूर्ण एक मिनिट श्वास मोजायचे. साठच्या आत असले तर ठीक. साठ किंवा वर गेले तर पुन्हा मोजायचे, आणि पुन्हाही तेवढेच भरले तर तडक दवाखाना.

घड्याळ तिला मोठ्या ताईंकडून आलं होतं. तीस वर्षं त्यांनी याच वस्त्या पायी तुडवल्या. डावा पाय जरा ओढत चालायच्या, चपला दाराबाहेर काढायच्या आणि ओल्या पायांनी थेट पाळण्याशी जाऊन बसायच्या. वारल्या त्याच्या आदल्या दिवशी त्यांनी घड्याळ तिच्या मुठीत दिलं. एवढंच म्हणाल्या, "हे थांबलं की तूही थांबायचं. निघायचं नाही."

घड्याळजीने झाकण उघडलं, भिंग लावलं आणि आत पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग झाकण अलगद लावून टाकलं.

"राहू दे माझ्याकडे. तोवर हे वापरा." त्याने पांढऱ्या तबकडीचं एक नवंकोरं घड्याळ पुढे केलं. "उद्या या."

ती उद्या आली. परवाही आली. धुकं हटत नव्हतं आणि घड्याळ दुरुस्त होत नव्हतं.

"इतके दिवस लागतात का हो एका घड्याळाला? गिऱ्हाईक पळून जाईल तुमचं."

"गिऱ्हाईक रोज येतंय. पळण्याचं एकही लक्षण दिसत नाही मला."

"कामावरून जाता जाता येते मी."

"तुमच्या वस्त्या पूर्वेला, घर उत्तरेला आणि माझं दुकान पश्चिमेला. बरीच वाकडी वाट आहे तुमची जाता जाता."

तिने पिशवीचा पट्टा उगाच घट्ट केला. कान गरम झाले होते. "फार बोलता तुम्ही. वस्तीवरची माणसं कशी, ताई म्हणतात आणि गप्प बसतात."

"तेवढं सोडून काहीही म्हणायला सांगा," तो शांतपणे म्हणाला. "ताई काही मी म्हणणार नाही."

सहाव्या दिवशी त्याने विचारलं, "नेमकं होतं काय या घड्याळाला?"

मधेच थांबतं, एवढंच सांगायचं तिने ठरवलं होतं. पण तो हातातलं काम खाली ठेवून ऐकत होता, आणि तिचं असं कोणी फारसं ऐकलं नव्हतं.

"गेल्या वर्षी पहिल्यांदा थांबलं, श्वास मोजतानाच. मी तळहातावर आपटलं, ते चालू झालं, मी पुढे मोजले. चोपन्न. वहीत लिहिलं आणि निघाले. ते बाळ... दुसऱ्या दिवशी गेलं."

त्याने पाण्याचा पेला तिच्याकडे सरकवला.

"नंतर दोन घरी थांबलं. दोन्ही वेळा मी बाळ-बाळंतिणीला उचलून दवाखान्यात नेलं. दोन्ही बाळं आता रांगतायत. पण नर्सबाई म्हणाल्या, बंद पडणाऱ्या घड्याळावर श्वास मोजतेस? चालतं घड्याळ आण, नाहीतर पिशवी जमा कर. त्यांचंही खरंच आहे. तरी हे नवं हातात असलं ना, की मला भीती वाटते. ते कधी थांबतच नाही." ती ओशाळली. "हसा आता."

तो हसला नाही. "चावी कधी देता याला?"

"चावी?" ती गोंधळली. "मोठ्या ताईंनी तसं काही सांगितलं नव्हतं. मी तर कधीच दिली नाही. द्यायची असते?"

"असते," तो म्हणाला, आणि त्याने घड्याळ पालथं घातलं.

दुसऱ्या दिवशी बांधापलीकडच्या घरी बाळाचा सातवा दिवस होता. घर म्हणजे दोन खोल्या, चारही बाजूंनी लव्हाळं आणि पाणी. मुलाचा बाप कामासाठी परगावी होता. घरात सासू आणि एकोणीस वर्षांची सून.

"आज जरा झोपाळू आहे," सून म्हणाली.

"गुणी आहे हो," सासूबाई म्हणाल्या. "आजोबांवर गेलाय. तेही जेवायलासुद्धा उठायचे नाहीत."

वजन बरं होतं, ताप नव्हता. पांढरं घड्याळ इमानदारीने मिनिटभर चाललं. सत्तावन्न. साठच्या आत. तिने लिहिलं. मग सुनेला बाळ छातीशी कसं धरायचं ते पुन्हा दाखवलं, टोपरं घालायला लावलं, आणि अर्ध्या तासाने पाय निघत नसतानाही निघाली.

बांधावर दोन हातांपुढचं दिसत नव्हतं. ती चालत होती आणि मागून कुणीतरी येत होतं. एक पाऊल, एक फरफट. ती उभी राहिली की आवाजही उभा राहायचा. अंगावर सरसरून काटा आला. "कोण आहे?" तिने विचारलं. उत्तर मिळालं ते समोरून, सायकलच्या घंटीचं.

धुक्यातून घड्याळजी बाहेर आला. सायकल लव्हाळ्यात टाकली आणि मूठ उघडली. मोठ्या ताईंचं घड्याळ होतं. थांबलेलं. चार वाजून दहा मिनिटं.

"टेबलावर होतं. माझ्या डोळ्यांदेखत थांबलं." त्याला धाप लागली होती. "काल तुम्ही म्हणालात, उद्या बांधापलीकडे सातवा दिवस आहे. दुकान तसंच उघडं टाकून आलोय. वेडेपणा वाटेल तुम्हाला, पण..."

चार वाजून दहा मिनिटांनी ती वहीत सत्तावन्न लिहीत होती.

"नाही वाटत," ती म्हणाली, तेव्हा ती उलट्या दिशेने पळत सुटलेली होती.

"काय विसरलात?" सासूबाईंनी दारातच विचारलं.

"पुन्हा मोजायचंय. मी गेल्यावर कोणी आलं होतं का?"

"या धुक्यात? कोण मरायला येतंय?"

पण दारापासून पाळण्यापर्यंत फरशीवर ओली पावलं उमटली होती. एक स्वच्छ, एक ओढलेलं.

तिने दुपटं बाजूला केलं. दर श्वासाला बाळाच्या बरगड्यांखाली खड्डा पडत होता. तळपाय गार. बहात्तर. पुन्हा मोजले, चौऱ्याहत्तर. पुढचं सगळं तिच्या हातांनी केलं, डोक्याने नाही. बाळाला आईच्या उघड्या छातीशी लावलं, वरून दोघांना मिळून शाल गुंडाळली, रुग्णवाहिकेला फोन केला. ड्रायव्हर म्हणाला, रस्त्यावर येतो, बांधावर काही गाडी घालता यायची नाही.

"तुम्ही फक्त माझी घंटी ऐकत या," घड्याळजी म्हणाला.

तो पुढे सायकल ढकलत चालला, दर दोन पावलांना घंटी वाजवत. मागे आई, आईला धरून ती, आणि कंदील घेऊन सासूबाई. धुक्यात कोणालाच कोणी दिसत नव्हतं. फक्त घंटी होती... आणि सगळ्यांच्या मागे, अगदी रस्ता लागेपर्यंत, एक पाऊल आणि एक फरफट. त्याबद्दल कोणीच कोणाला विचारलं नाही.

दवाखान्यात बाळाला ऑक्सिजन लागला, सुई लागली. "सकाळची वाट पाहिली असतीत तर..." डॉक्टरीणबाईंनी वाक्य पुरं केलं नाही. मग हसून म्हणाल्या, "जा, चहा घ्या. आता तो भूक लागली म्हणून रडतोय."

बाहेरच्या बाकावर घड्याळजी बसला होता. ती शेजारी बसली. त्याने मूठ उघडली. घड्याळ चालू होतं.

"मी हात लावलेला नाही," तो म्हणाला.

"माहीत आहे."

"एक कबूल करायचंय." तो घड्याळाकडेच बघत होता. "दुरुस्त करतोय म्हणून मी सात दिवस खोटं सांगितलं. पहिल्याच दिवशी झाकण उघडलं तेव्हा पाहिलं. याच्यात स्प्रिंगच नाही. कोणी कधीची काढून टाकलीय, जागा रिकामी आहे. हे का थांबतं ते तुम्ही विचारत होतात. मी सात दिवस बघत बसलो होतो... हे चालतं कसं."

तिने पदर ओढून घेतला. "मग सांगितलं का नाहीत?"

"सांगितलं असतं तर घाबरून घेऊन गेला असतात. आणि परत आला नसतात."

घड्याळ त्या दोघांच्या मध्ये टिकटिकत राहिलं.

"बांधावर मला वाटलं होतं, दुसरंच कोणीतरी आलंय," ती म्हणाली.

"आणि निघालो मी. निराशा झाली?"

"नाही." मग अगदी हळू, "मुळीच नाही."

"घरी सोडायला येऊ?"

"ताई म्हणणार असाल तर नको."

"मी कधी म्हटलंय?" त्याने विचारलं, आणि त्या दिवसात पहिल्यांदा ती हसली.

त्याला आता दोन वर्षं झाली. आज त्यांच्या स्वतःच्या घरात पाळणा आहे, आणि पाळण्यातल्या मुलीचा सातवा दिवस. शेकडो बाळांचे श्वास मोजलेल्या बाईला आपल्या लेकीचे मोजता येत नाहीत. तीसपर्यंत जाते आणि डोळे भरून येतात. म्हणून तो मोजतो, कपाळावर भिंग तसंच, ओठ हलवत.

"अठ्ठेचाळीस," तो म्हणतो. "छान आहे. झोप जरा आता."

पण तिचे कान पाळण्यावरच्या खिळ्याकडे असतात. घड्याळ चालू आहे. त्याने त्यात अजून स्प्रिंग बसवलेली नाही, आणि तिने कधी बसवायला सांगितलेली नाही.

बाहेर धुकं आहे. दार आतून लावलेलं आहे. आणि दारापासून पाळण्यापर्यंत फरशी ओली... एक पाऊल स्वच्छ, एक ओढलेलं. आत आलेली पावलं आहेत, परत गेलेली नाहीत. तो फडकं घ्यायला उठतो.

ती त्याचा हात धरते.

"नको," ती म्हणते. "बसू दे त्यांना."