अनामिकेची रिकामी जागा

विश्वास ठेवायचा की नाही ते तुम्ही ठरवा. मी आग्रह करणार नाही. तो हक्क मी गमावलाय.

मी मेर्वी. फिनलंडमध्ये ओउलूला राहते. ही घटना माझ्यासोबत घडलेली आहे आणि ती रात्रीची नाही. युहान्नुस या आमच्या उन्हाळी सणाच्या आदल्या दिवशी, दुपारी दोन वाजता घडली. जूनमध्ये आमच्याकडे अंधार पडतच नाही. त्यामुळे अंधारात भास झाला असेल, असं मला कुणी सांगू नये.

आमची कंपनी पाच माणसांची. ज्यांच्या कॉम्प्युटरला परक्याचा हात लागलेला चालत नाही, अशांसाठी आम्ही खास कॅबिनेट बनवायचो. कल्पना कौकोची. झाकण उघडायचं तर मागच्या खाचेत बोटं घालावीच लागायची. त्या खाचेत त्याने चार बारीक सेन्सर बसवले होते, एकेका बोटाला एकेक. बोट किती मिलिमीटरवर आलं याची नोंद आत व्हायची. प्लग काढला तरी सेलवर सगळं चालू.

"चोराचं नाव नाही कळणार," कौको म्हणायचा, "पण हात कळेल."

त्याचा स्वतःचा हात तर कुणीही ओळखला असता. उजवी अनामिका तरुणपणी लाकूड कापायच्या मशीनमध्ये गेलेली. कॅबिनेट तयार झालं की तो त्यावर दोनदा टकटक करायचा आणि मग दोन वाजताची कॉफी प्यायला माझ्या टेबलाशी यायचा. बावीस वर्षं. कौको म्हणजे आमच्या भाषेत 'दूर'. जवळ आलेल्याला पकडणाऱ्या माणसाचं नाव दूर, यावरून आम्ही त्याला फार पिडायचो.

माझा नवरा इल्पो पार्टीत त्याची नक्कल करायचा. अनामिका मुडपून कप धरायचा आणि घोगऱ्या आवाजात बोलायचा. सगळ्यात जास्त कौकोच हसायचा.

फेब्रुवारीत आमचं डिझाइन चोरीला गेलं. दुसऱ्या एका कंपनीने हुबेहूब तीच वस्तू बाजारात आणली. आमचं दार फुटलेलं नव्हतं. नमुन्याचं कॅबिनेट मात्र एका रविवारी सकाळी कुणीतरी उघडलं होतं.

आमचा साहेब टार्मो म्हणाला, नोंद वाच.

मी सगळ्यांसमोर वाचली.

तर्जनी, दोन. मधलं बोट, दोन. करंगळी, तीन... पाच... तीन... चार.

अनामिका... काही नाही.

कौको माझ्याकडेच बघत होता.

"मेर्वी, ही वस्तू मी बनवलीय. चोरी करायची असती तर मी ती बंद करून नसतो का गेलो?"

मी कागदाकडे बघत राहिले.

"बाकीच्यांचं सोड. तू तरी सांग, मी असं करीन?"

मी म्हणाले, "आकडे खोटं बोलत नाहीत, कौको."

बावीस वर्षांची कॉफी आणि मी हे म्हणाले. त्याने कोट घेतला आणि तो गेला. पुढे दोनदा त्याचा फोन आला. मी उचलला नाही.

एप्रिलच्या तेरा तारखेला तो गोठलेल्या समुद्रावर मासे धरायला गेला. बर्फातल्या भोकापाशी त्याचं स्टूल सापडलं. थर्मास सापडला.

कौको सापडला नाही.

...

युहान्नुसच्या आदल्या दिवशी सगळे आपापल्या उन्हाळी घरी निघून गेले होते. इल्पोही पुढे गेला होता. माझं थोडं काम उरलं होतं, म्हणून मी ऑफिसात एकटीच होते. बाहेर लख्ख ऊन.

टक... टक.

मी मान वर केली. कोपऱ्यातल्या फडताळावर ते नमुन्याचं कॅबिनेट होतं. पुरावा म्हणून सीलबंद ठेवलेलं.

घड्याळात दोन वाजले होते.

मी जवळ गेले. सील शाबूत. मागची खाच भिंतीला अशी टेकलेली, की मध्ये कागदही गेला नसता. मी पुढून वायर लावली आणि नोंद उघडली.

चौदा एप्रिल, दुपारी दोन. पंधरा एप्रिल, दुपारी दोन. त्यानंतर कामाच्या प्रत्येक दिवशी... दुपारी दोन. एरवी ऑफिसच्या गडबडीत ती टकटक कुणाला ऐकूच आली नव्हती.

तर्जनी, दोन. मधलं बोट, दोन. करंगळी, दोन.

अनामिका... काही नाही.

मी वायरवरूनच सेन्सर तपासले. ठणठणीत होते. मग फेब्रुवारीतला कागद काढून शेजारी ठेवला आणि खुर्चीत बसले.

इथली करंगळी स्थिर होती. दोन, दोन, दोन. त्या रविवारची करंगळी थरथरत होती.

तुम्ही आत्ता करून बघा. हात टेबलावर ठेवा आणि फक्त अनामिका आत मुडपा. बघा करंगळीकडे. ती सरळ राहत नाही. ओढली जाते, थरथरते. ज्याला अनामिकाच नाही, त्याची करंगळी कशाला थरथरेल?

तो हात कौकोचा नव्हता. कुणीतरी बोट मुडपलं होतं.

खाच बोटं मोजते, हे कंपनीबाहेर एकाच माणसाला माहीत होतं. मीच त्याला कौतुकाने सांगितलं होतं. त्या रविवारी मी बहिणीकडे केमी शहरात होते आणि ऑफिसची चावी घरी होती. मे महिन्यात इल्पोला नवी नोकरी लागली होती, त्याच दुसऱ्या कंपनीत. मी केकसुद्धा केला होता.

मी उन्हाळी घरी पोचले तेव्हा इल्पो सौनासाठी, म्हणजे वाफेच्या अंघोळीसाठी, बर्चच्या डहाळ्या बांधत होता.

"उशीर केलास," तो म्हणाला.

"कौकोची नक्कल करून दाखव."

तो हसला. मग माझा चेहरा बघून हसायचा थांबला.

त्याने हात खिशात घातला.

बस, एवढंच. आम्हा दोघांना पुढे काही बोलावं लागलं नाही. मी त्याच पावली परत फिरले. टार्मोला सगळं सांगितलं. त्याने कौकोच्या नावावरचा डाग पुसणारं पत्र काढलं. ते द्यायला त्याच्या घरी कुणी नव्हतं.

नवऱ्याने मला फसवलं, हे मी पचवीन. कौकोला मी फसवलं, ते पचत नाही. फोन उचलायला काय जात होतं माझं?

ते कॅबिनेट आता माझ्या स्वयंपाकघरात आहे. दोन वाजता मी दोन कप कॉफी ओतते. त्या दिवसापासून टकटक नाही. नोंदही कोरी. तो माफ करून गेला की तोंड फिरवून, कळत नव्हतं.

गेल्या मंगळवारी राहवलं नाही. म्हटलं, तो येत नाही तर आपण जावं. दोन वाजता मी माझा हात त्या खाचेत ठेवला. "चुकले रे," म्हणाले. बराच वेळ तशीच बसले. मग नोंद उघडली.

तर्जनी, दोन. मधलं बोट, दोन. करंगळी, दोन. स्थिर.

अनामिका... काही नाही.

शेजारणीला हात ठेवायला लावला. तिची चारही बोटं आली. मी पुन्हा ठेवला. दहा वेळा ठेवला.

माझी अनामिका हाताला आहे. हे लिहिताना मी तिच्याकडेच बघतेय.

पण कालपासून ती गार लागतेय... बर्फासारखी.