वेटिंग रूममधला पाहुणा

पटो न पटो, हे घडलंय. माझ्या सख्ख्या मावशीच्या बाबतीत. हसायचं असेल तर खुशाल हसा.

मावशीचं नाव तुरसुनाय. आमच्या डोंगराळ मुलुखातल्या नारीन शहरात, कॉलेजात भूगोल शिकवते. त्या हिवाळ्यात सगळी लेक्चर्स ऑनलाइन होती. भलतेच लोक मध्येच घुसायचे, नको ते दाखवायचे. पोरी रडकुंडीला यायच्या.

म्हणून कॉलेजची सक्त ताकीद होती. ओळखीचं नाव नसेल, तर आत घ्यायचं नाही.

त्या संध्याकाळी बाहेर बर्फाचं वादळ सुटलं होतं. लेक्चर निम्मं झालं आणि वेटिंग रूममध्ये कुणीतरी आलं...

नाव नव्हतं. नुसतंच 'पाहुणा'.

मावशीने लक्ष दिलं नाही. मग मेसेज आला. "फार गारठलोय. आत घ्या ना..."

तिने तो वाचून दाखवला.

"एजे, नका घेऊ हं! कुणीतरी टवाळ असणार," जिपार म्हणाली. आमच्याकडे बाईंना 'एजे', म्हणजे ताई, म्हणतात. ही मावशीची लाडकी विद्यार्थिनी. वर डोंगरातल्या गावात राहायची.

"अगं, बर्फातून दारात आलेल्याला हाकलू? माझी आजी थडग्यातून उठून कान पिळेल माझा!"

आणि मावशीने त्याला आत घेतलं.

काळी चौकट. आवाज नाही.

मग... वारा. बर्फात रुतणारी पावलं.

मग चित्र आलं. एक खोली. लॅपटॉपपुढे बसलेली मुलगी, पाठमोरी. अंगावर लाल शाल.

जिपारची शाल!

जिपारच्या स्वतःच्या चौकटीत तिच्या मागे कुणीच नव्हतं. नुसतं बंद दार.

पण या दुसऱ्या चौकटीत तिची पाठ जवळ येत होती... आणखी जवळ...

"जिपार, ऊठ! पळ!" मावशी किंचाळली. तिने पाहुण्याला काढून टाकलं.

चौकट गेली.

जिपारचीही गेली.

फोन लागेना. वादळ ओसरल्यावर मावशी गाडी करून तडक वर गेली. दार जिपारच्या आईने उघडलं.

"बरं झालं आलात बाई. तुमचा पाहुणा बसलाय. एजेनं आत घेतलं म्हणतो."

दारासमोरच्या मानाच्या जागेवर कुणीच नव्हतं. पुढ्यात चहाचा वाडगा होता. गादीवर बर्फ साचला होता. शेगडी रसरसत होती, तरी तो वितळत नव्हता.

कोपऱ्यात जिपार. ओठ निळे पडलेले.

"एजे, तो माझ्याकडे सरकतोय... आम्ही कसं जा म्हणणार? बोलावलंय तुम्ही."

पाहुण्याला जा म्हणायला मावशीची जीभ रेटेना. आमच्यात तसं कुणी म्हणतच नाही. पण पोरीकडेही बघवेना.

शेवटी छातीवर हात ठेवून ती त्या रिकाम्या जागेला म्हणाली, "चला. माझ्या घरी चला."

गादीवरचा बर्फ वितळायला लागला.

परतताना ड्रायव्हर कुरकुरत होता. हीटर चालू असून काच आतून गोठत होती...

जिपार आता ठणठणीत आहे. शिक्षिका झालीय.

मावशी एकटी राहते. परवा मी फोन केला. "ये की चार दिवस आमच्याकडे!"

"कशी येऊ रे?" ती हळूच म्हणाली. "घरात पाहुणा आहे."

अशा वेळी आमच्यात म्हणायचं असतं, त्यांनाही घेऊन ये.

शब्द ओठांवर आले होते. पण घरात माझी पोरं खेळत होती.

मी फोन ठेवून दिला.