ध्वनिकुंपणाच्या आत

हेमांगी शेडगेने घरातलं ऑफिस थाटलं ते मागच्या खोलीत. तिला दूरदुभाष्याचं काम मिळालं होतं. सीमेपलीकडच्या खेड्यांतले रुग्ण आपलं दुखणं कानडीत सांगत, ते ती पुण्यातल्या डॉक्टरांना मराठीत सांगे. कानडी तिला अथणीच्या आईकडून आलेली. एखादा शब्द निसटला तर औषधच बदलायचं, म्हणून खोलीत बाहेरचा आवाज येता कामा नये, अशी संस्थेची अट होती.

टेबल कुठे ठेवायचं ते तिच्या वडिलांनी ठरवलं. यशवंतराव सांगलीच्या एसटी स्टँडवर गाड्यांच्या घोषणा करून निवृत्त झालेले. आई गेल्यापासून घरात हे दोघंच. टेबल खिडकीला आडवं लाव, म्हणजे स्क्रीनवर तिरीप यायची नाही, असं त्यांनी सांगितलं. खुर्ची तिला उंच होत होती, म्हणून पायाखाली देवघरातला जुना पाट आणून दिला. त्यांचा उजवा हात तेव्हा थोडा थरथरायचा, एवढंच.

मग मुजावर नावाचा तंत्रज्ञ ध्वनिकुंपण बसवायला आला. त्याने दाराच्या चौकटीवर आणि खिडकीभोवती बोटभर रुंद पट्टी चिकटवली. ही पट्टी आत येणारा प्रत्येक आवाज ओळखे आणि नको असलेल्या आवाजावर त्याच्या बरोबर उलटी लहर सोडी. दोन्ही लहरी एकमेकींना पुसून टाकत. दार सताड उघडं असलं तरी आत शांतताच. जे आवाज यायला हवेत ते मात्र पट्टीला आधी शिकवावे लागत. दारावरची घंटा शिकवून झाली. मग यशवंतरावांनी स्टँडवरच्या खणखणीत आवाजात "हेमा, ए हेमा" अशा हाका मारल्या. मुजावर म्हणाला, एवढा आवाज असल्यावर काही काळजी नाही.

पहिले काही महिने ते दुपारी हाक मारायचे आणि ती बाहेर यायची. कधी चष्मा सापडत नसायचा, कधी नुसता चहा हवा असायचा. पुढे हाका कमी होत गेल्या आणि मग थांबल्या. कंपवात वाढला होता, ते दिवसभर हॉलमधल्या कोचावर बसून असत. संध्याकाळी ती शेजारी बसली की हळू आवाजात दोन शब्द बोलत. बाबा आता कामात अजिबात व्यत्यय आणत नाहीत, असं तिने बहिणीला फोनवर कौतुकाने सांगितलंसुद्धा.

एका दुपारी गोकाककडच्या एका म्हाताऱ्या रुग्णाशी बोलणं लवकर संपलं. पाणी घ्यायला म्हणून तिने दार उघडलं आणि ती चौकटीच्या आतच थबकली. समोर कोचावर बाबा तिच्याचकडे बघत होते. त्यांचे ओठ हलत होते. मान पुढे काढून, जोर लावून ते काहीतरी म्हणत होते आणि तिला काहीच ऐकू येत नव्हतं. तिने एक पाऊल बाहेर टाकलं.

"...मा. हेमा."

आवाज बारीक होता, घोगरा होता, पण ऐकू येण्याजोगा होता. ती पुन्हा आत सरकली. शांतता. पुन्हा बाहेर आली. "हेमा."

ती त्यांच्यापाशी जाऊन खाली बसली. "बाबा, तुम्ही रोज हाक मारता?"

"मारतो की," ते म्हणाले. "तू कामात असतेस. मला माहीत आहे."

मुजावर दुसऱ्या दिवशी आला. कुंपणात बिघाड नव्हता. ते शिकवलेला आवाज ओळखत होतं, पण आजाराने तो आवाज हळूहळू दुसराच झाला होता. त्याने नवा आवाज शिकवला. पंधरवड्यात तोही बदलला. शेवटी हेमांगीने टेबल उचलून हॉलमध्ये कोचाशेजारी आणलं. आता घराचा आवाज ऐकू येतो म्हणून संस्थेने तिला रुग्णांच्या कामावरून काढून कागदपत्रांच्या भाषांतरावर टाकलं. तिने वाद घातला नाही.

तोवर यशवंतरावांचं चालणं बंद झालं होतं. एका सकाळी तिने त्यांना विचारलं, की तेव्हा हाका मारत होतात त्या कशासाठी? थांबत थांबत त्यांनी सांगितलं. भाद्रपदात एक दिवस पायात बळ वाटलं होतं. कृष्णेच्या घाटापर्यंत जाऊन यावं असं मनात आलं होतं. एकट्याने जायचा धीर झाला नाही, म्हणून तिला हाक मारत होते. बराच वेळ मारली, मग ऊन चढलं.

तिने त्यांचा हात धरून ठेवला. शेजारच्या घरात कुकरची शिट्टी झाली, खालून भाजीवाला ओरडत गेला. कुंपणाच्या आत असताना दिवसाचे हे आवाज तिला कधी ऐकूच आले नव्हते.

"आणखी काय सांगायचं होतं, बाबा?"

त्यांनी मान तिच्याकडे वळवली. मग त्यांचे ओठ हलले. तिने कान अगदी त्यांच्या तोंडाशी नेला, श्वास रोखला. गालाला फक्त त्यांचा उष्ण श्वास लागला. इथे तर कुठलीच पट्टी नव्हती. आवाज उरला नव्हता म्हणून ऐकू आलं नाही, की आता तिला सांगण्यासारखं त्यांच्याजवळ काही उरलंच नव्हतं?