आलं घातलेलं ‘काही नाही’

आबांचं डोकं का दुखतंय, हे कोणालाच कळत नव्हतं.

लोणारजवळच्या अंतराळ प्रशिक्षण केंद्रात काचेची भिंत असलेली एक बंद खोली होती. अंतराळस्थानकावर जाणाऱ्यांनी आधी त्या खोलीत राहून दाखवायचं आणि स्थानकावर मिळेल तेवढंच खायचं-प्यायचं, असा नियम होता. शाल्मलीचे आबा, म्हणजे वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. अमेय देवस्थळी, मोठ्या हौसेने आत गेले. स्थानकावर भाजीपाला पिकवून दाखवायचा, हे त्यांचं किती वर्षांचं स्वप्न होतं. आणि दुसऱ्याच दिवशी त्यांचं डोकं ठणकायला लागलं. सारख्या जांभया, कामात लक्ष नाही, वर चिडचिड. कधी नव्हे ते शाल्मलीवरसुद्धा काचेपलीकडून खेकसले.

डॉ. तडवींनी सगळ्या तपासण्या केल्या, पण बिघाड कुठेच सापडेना. मेंदूचा एखादा छुपा आजार असेल तर आबांच्या जागी दुसऱ्या कोणाला तरी पाठवावं लागेल, असं त्या शाल्मलीला म्हणाल्या. आबा घरी नियमित काय घेतात, हे डॉक्टरांनी देवस्थळींच्या यंत्रमानवाला आधीच विचारलं होतं. सतत प्रश्न विचारतो म्हणून घरात त्याचं नाव ‘विचारे’ पडलं होतं. ‘काही नाही,’ असं त्याने ठामपणे सांगितलं होतं.

शाल्मली विचारेला घेऊन काचेपाशी बसली. आत्ता आबा घरी असते तर त्यांना काय दिलं असतंस, असं तिने सहज विचारलं.

"काही नाही," विचारे म्हणाला.

"काहीच नाही?"

"काही नाही. आलं घालून, साखर कमी."

शाल्मलीच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. घरी आबांना काय घेणार म्हणून विचारलं की त्यांचं उत्तर ठरलेलं असायचं, ‘काही नाही, नुसता चहा.’ ते ऐकून ऐकून विचारेने चहालाच ‘काही नाही’ समजून टाकलं होतं. आणि हे ‘काही नाही’ आबांना दिवसातून सहा-सात वेळा लागायचं. जन्मभर पानांचा अभ्यास केला या माणसाने, पण चहासुद्धा पानच असतं हे त्याला सुचू नये ना!

ती धावतच डॉक्टरांकडे गेली. डॉ. तडवी ऐकून आधी पोटभर हसल्या, मग तिला समजावू लागल्या. आपण जागे असतो तेव्हा मेंदूत ॲडेनोसिन (थकव्याचा निरोप देणारं रसायन) साठत जातं. मेंदूतल्या पेशींवर त्याच्यासाठी ग्राही (निरोप स्वीकारणाऱ्या जागा) असतात. पंगतीत मांडलेल्या पाटांसारख्या समज. ॲडेनोसिन पाटावर बसलं की आपल्याला झोप येते. चहा-कॉफीतलं कॅफीन (तरतरी आणणारं द्रव्य) दिसायला बरंचसं त्याच्यासारखंच असतं. ते येऊन पाट अडवतं, पण निरोप काही देत नाही. म्हणून झोप पळते.

"पण मेंदू भारी असतो," त्या म्हणाल्या. "रोज पाट अडतात म्हटल्यावर तो आणखी पाट मांडतो. कोणी सांगत नाही, शिकवत नाही. आपलं आपण ओळखून करतो."

आता मात्र खोलीत चहाच नसल्यामुळे तो अचानक बंद झाला होता. सगळे जास्तीचे पाट ॲडेनोसिनने भरले. मेंदूतल्या रक्तवाहिन्या रुंदावल्या आणि डोकं दुखू लागलं.

मग चहा वाईटच का, असं शाल्मलीने विचारलं. तसं नाही, डॉक्टर म्हणाल्या. मोठ्यांनी बेताने घेतला तर बहुतेकांना तो चालतो. फार झाला की छाती धडधडते, हात थरथरतात. संध्याकाळच्या चहातलं निम्म्याहून अधिक कॅफीन रात्री अंथरुणावर पडतानाही अंगात असू शकतं, मग झोप नीट लागत नाही. मुलांनी त्यापासून लांब राहावं हेच बरं.

खात्री करायला आबांना एक कप चहा दिला. तासाभरात डोकं दुखायचं थांबलं आणि आतून गाणं गुणगुणल्याचा आवाज यायला लागला. आजार नव्हताच. उड्डाणाला अजून महिना होता, तेवढ्यात चहा थोडा थोडा कमी करायचा ठरला. त्यामुळे मेंदूला जास्तीचे पाट उचलायला सवड मिळणार होती. आबांची जागा पक्की झाली.

सगळे टाळ्या वाजवत होते आणि शाल्मलीला एकदम रडू कोसळलं. आबा आता सहा महिने घरी नसणार, हे तिच्या तेव्हाच लक्षात आलं.

आबा काचेजवळ आले. म्हणाले, "मला चहाची, तशी तुला माझी सवय आहे. पहिले काही दिवस दुखेल बघ."

"आणि मग?"

"मग तुझा मेंदू शिकेल. माझा शिकतोय ना या वयात, मग तुझा तर कितीतरी लवकर शिकेल."

"तुम्हाला विसरायला?"

"छे गं. मी नसताना हसायला."

शाल्मलीने डोळे पुसले आणि काचेवर हात ठेवला. आबांनी पलीकडून नेमका तिथेच आपला हात टेकवला.