खुरप्यावरची माती

वाफा एक, पाणी एक. तरी सोयाबीनची डावी रांग हिरवीगार आणि उजवी पिवळी. असं का, ते तन्वीला कळेना.

सन २०६८ होतं. काचघर आबांचं, पण पिवळी रोपं आजीच्या वाणाची होती. आजी दिवाळीत गेली. तिच्या काळ्या सोयाबीनचं शेवटचं मूठभर बी त्यांनी पेरलं होतं. शेंगा धरल्या नाहीत तर वाण संपणार होता.

“आबा, युरिया टाकू?”

“नको. आयतं मिळालं की झाड आळशी होतं. तुझ्यासारखं.” आबा हसले मात्र नाहीत.

मुंगळा नावाच्या छोट्या यंत्रमानवाने मातीत कॅमेरा घातला. “डावीकडे मुळांवर गाठी आहेत. उजवीकडे एकही नाही.”

आबा खाली बसले. “हवेत नत्र भरपूर आहे, पण झाडाला तो थेट घेता येत नाही. रायझोबियम (मुळांत राहणारे जिवाणू) गाठींत बसून तो झाडाला चालेल असा करून देतात. याला नत्र स्थिरीकरण म्हणतात. बदल्यात झाड त्यांना साखर देतं.”

“मग उजवीकडे का नाही?”

“वाणावाणांत फरक असतो. डावीकडचा नवा वाण मिळेल त्या रायझोबियमशी जमवून घेतो. तुझ्या आजीचा चोखंदळ. ती पेरताना बियांना गूळपाणी लावून जुन्या वाफ्यातली माती चोळायची. मी तिला हसायचो. यंदा बी स्वच्छ धुऊन पेरलं.”

“जुना वाफा कुठाय?”

“रस्त्याखाली गेला.”

तन्वीने भिंतीकडे पाहिलं. तिथे आजीचं खुरपं होतं. पात्यावर वाळलेली माती, मातीत तिच्या बोटाचा ठसा. एकदा मुंगळा ते घासायला निघाला, तेव्हा आबा दिवसभर कुणाशी बोलले नव्हते.

“आबा,” ती हळूच म्हणाली, “ही माती त्याच वाफ्यातली ना?”

आबा उठून भिंतीपाशी गेले. मग त्यांनी खुरपं काढलं.

“कोरड्या मातीतही काही जिवाणू तग धरतात,” ते म्हणाले आणि त्यांनी पातं बादलीत बुडवलं. ठसा विरघळला. गढूळ पाणी त्यांनी एकेका रोपाच्या बुडाशी ओतलं.

“आता हे कुणाचंही खुरपं वाटतं,” ते म्हणाले.

चार आठवड्यांनी त्यांनी त्याच खुरप्याने एका पिवळ्या रोपाची माती बाजूला केली. मुळावर सहा गाठी होत्या. आबांनी एक नखाने फोडली. आतून गुलाबी.

“गुलाबी म्हणजे कामाला लागलेत.”

वरचं कोवळं पान हिरवं झालं होतं. तन्वी खुरपं धुवायला निघाली.

“राहू दे,” आबा म्हणाले. “पुढच्या पेरणीला लागेल.”

त्यांनी ते मातीसकट भिंतीवर टांगलं.