तपकिरी कोटवालीची जागा

ही घटना खरी आहे. माझ्याच बाबतीत घडलेली आहे. विश्वास ठेवायचा नसेल तर खुशाल ठेवू नका, तुमची मनधरणी करायला मी बसलेली नाही.

अमावास्येची रात्र आणि रडणारी कुत्री हवी असतील तर तीही मिळणार नाहीत.

मागच्या वर्षीचा फेब्रुवारी. गुरुवार. दुपारचा पाऊण वाजलेला.

जागा... आमच्या शहराचं मोठं पोस्ट.

शहर बेलारूसमधलं आहे, एवढं पुरे. नाव कळून तुम्ही काय करणार? पत्र पाठवणार? पोचायचं नाही.

मी रेगीना, घरात रेनिया. सव्वीस वर्षं शाळेत भूमिती शिकवते. सिद्ध केल्याशिवाय काही मान्य करायचं नाही, ही सवय. पोरं मला पाठीमागं काय म्हणतात तेही मला ठाऊक आहे, आणि त्यात फारसं चूक नाही.

आमचं पोस्ट बांधलं त्या सोव्हिएत काळात लोकांना रांगेत उभं करायला महाल बांधायची पद्धत होती. छत इतकं उंच की दिव्याचा उजेड खाली येईपर्यंत दमतो. दरवाजे सहा, त्यातले पाच कायमचे बंद. खिडक्या एकोणीस, चालू दोन. भिंतीवर मॉस्कोपासून व्लादिवोस्तोकपर्यंत पाच शहरांची पाच घड्याळं आहेत आणि पाचही बंद पडलीत. पेनं दोरीनं टेबलाला बांधलेली. ती वाळकी पेनं चोरणारा अजून जन्माला यायचाय, पण दोरी मात्र दरवर्षी नवी असते.

अशा ठिकाणी मी सुखासुखी जात नाही.

माझी आई, यादविगा, दोन वर्षं अंथरुणाला खिळलेली होती. तिचं हागणंमुतणं, औषध, खाणं, सगळं मी एकटी करत होते. आणि ती दिवसातून दहा वेळा विचारायची, काझिकचं काही आलं का?

काझिक म्हणजे काझिमिर, माझा धाकटा भाऊ. अकरा वर्षांपूर्वी भांडून घर सोडून गेला. ना फोन, ना पत्ता. आणि आईच्या जिभेवर नाव मात्र त्याचंच.

तर त्या काझिकनं आईच्या नावानं रजिस्टर पत्र पाठवलं होतं. पोस्टाची पहिली सूचना आली ती मी फ्रिजवर ठेवली. दुसरी तिच्याखाली सरकवली. का, ते विचारू नका. अकरा वर्षं ज्याला फुरसत झाली नाही त्यानं आठवडाभर थांबायला काय हरकत होती?

तिसरी चिठ्ठी शेजारणीनं थेट आईच्या हातात दिली.

आई रडली नाही. एवढंच म्हणाली, "रेनिया, आज शेवटचा दिवस आहे. आज नाही नेलं तर परत जाईल. आणि मला काही पुन्हा पत्र यायचं नाही."

मी चिठ्ठी घेतली, मुखत्यारपत्र घेतलं, बाहेरून कुलूप लावलं आणि गेले.

आमच्याकडे रांगेची एक रीत आहे. आत शिरलं की मोठ्यानं विचारायचं, शेवटचं कोण? कोणीतरी म्हणतं, मी. मग तुम्ही त्या माणसाच्या मागे. त्याचा कोट लक्षात ठेवायचा, बस्स. मग खुशाल बाकावर बसा, बाहेर जाऊन ब्रेड घेऊन या. फक्त मागच्याला सांगून जायचं. परत आलं की म्हणायचं, मी अमक्याच्या मागे होतो. त्यावर कोणी वाद घालत नाही. या देशात चालणारी तेवढी एकच गोष्ट आहे.

"शेवटचं कोण?" मी विचारलं.

कोणी बोललं नाही. मेंढरं फोनमध्ये डोकं घालून उभी होती.

"शेवटचं कोण?"

आणि मग... अगदी माझ्या कानाशी आवाज आला.

"मी."

एक म्हातारी. तपकिरी जाड कोट, डोक्याला राखाडी रुमाल, पायात लोकरीचे बूट आणि त्यांवर रबरी जोडे. असे बूट मी लहानपणी माझ्या आजीच्या पायात पाहिले होते. अंगाला डांबराच्या गोळ्यांचा वास. मी नाक मुरडलं आणि तिच्या मागे उभी राहिले.

थोड्या वेळानं माझ्या मागे एक माणूस आला. हातात चौकड्यांची पिशवी, पिशवीत खारवलेले मासे. म्हणजे पुढून डांबर आणि मागून मासे.

एक वाजता खिडकीतल्या नोन्ना पावलोव्नानं काचेवर पाटी लावली. जेवणाची सुट्टी, एक तास. पडद्यामागून चमच्याचा आवाज आणि उकडलेल्या बीटाचा वास यायला लागला. आम्ही सगळे तिचं जेवण ऐकत उभे राहिलो.

दीडच्या सुमारास म्हातारी वळली.

"पोरी, माझी जागा धरतेस? आत्ता येते."

मी म्हटलं, "बरं."

एवढंच. एक शब्द.

ती कोपऱ्यातल्या फोनच्या लाकडी खोल्यांकडे गेली. पूर्वी लोक तिथून परगावी बोलायचे, आता पोस्टवाले तिथं झाडू आणि बादल्या ठेवतात. म्हातारीला बादलीशी काय बोलायचंय, असं मनात येऊन मला हसू आलं.

पण एक गोष्ट खटकली...

फरशी संगमरवरी आहे. त्या हॉलमध्ये टाचणी पडली तरी छतापर्यंत घुमते.

म्हातारीच्या पावलांचा आवाज आला नाही.

मी खाली पाहिलं. बाहेर ढीगभर बर्फ पडत होता. आमच्या सगळ्यांच्या बुटांखाली चिखलाची तळी साचली होती. माझ्या पुढची, तिची जागा मात्र...

कोरडी ठणठणीत.

मी स्वतःला म्हटलं, रेगीना, म्हातारी सकाळपासून उभी असेल, बूट वाळले असतील. झालं सिद्ध.

दोन वाजून दहा मिनिटांनी पडदा सरकला. नोन्ना पावलोव्नानं ओठ पुसले आणि सांगून टाकलं की आज स्वच्छतेचा दिवस आहे, खिडकी तीनला बंद होईल. मग रांगेवर बोट फिरवत तिनं पोरांची हजेरी घ्यावी तसं मोजलं. एक, दोन, तीन, चार. चारच जण घेणार. बाकीच्यांनी उद्या यावं.

उद्या आईचं पत्र परत जाणार होतं.

माझ्या पुढे तीन जण होते. म्हणजे चौथी मी. फक्त...

मधली ती कोरडी जागा धरली तर पाचवी.

मी पाऊल टाकलं आणि त्या जागेवर उभी राहिले. बुटातून गार कळ आली, बर्फातही येत नाही तशी.

"मी इथं होते," आवाज आला.

ती परत आली होती. माझ्या बाजूला उभी, हात पोटाशी. कसली तक्रार नाही, भांडण नाही. "या बाईंच्या पुढे होते. यांनी जागा धरली होती."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. नोन्ना पावलोव्नानंही. आमच्याकडे अशा वेळी एकाच माणसाचा शब्द लागतो, आणि तो माझा होता.

मला आई दिसत होती. खोटं सांगत नाही, खरंच दिसत होती. पण मी जे बोलले ते आईसाठी नव्हतं. मला त्या डांबराच्या वासाची, त्या गरीब आवाजाची, आयुष्यभर उभं राहून राहून वाकलेल्या त्या पाठीची किळस आली होती.

"मी यांना पाहिलेलंच नाही," मी म्हटलं. आणि वर जोडलं, "घरी जा आजी. तुम्हाला कोण पत्र पाठवणार आहे?"

पुढचा एक जण हसला.

म्हातारीनं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. नाव विसरू नये म्हणून आपण पाटी नीट वाचतो, तसं.

मग ती रांगेच्या टोकाला गेली आणि विचारलं, "शेवटचं कोण?"

कोणी उत्तर दिलं नाही.

दुसऱ्यांदा विचारलं... तिसऱ्यांदा विचारलंच नाही. मी वळून पाहिलं तेव्हा टोकाला कोणी नव्हतं.

आणि त्या एकमेव उघड्या दरवाजाचा करकर आवाजही झाला नव्हता.

पहिला गेला. दुसरी गेली. तिसरा, तो हसणारा, पावती घेऊन निघून गेला. तीनला आठ मिनिटं होती. मी चिठ्ठी खिडकीत सरकवली.

नोन्ना पावलोव्ना माझ्या खांद्यावरून मागे बघत म्हणाली, "पुढचं कोण?"

"मी. ही काय मी."

आता तिनं माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही इथं उभ्या नव्हता, बाई."

मला वाटलं थट्टा करतेय. मी सांगितलं की पाऊण वाजल्यापासून उभी आहे, तुमचं बीट संपेपर्यंत उभी होते. तिच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही.

"कोणाच्या मागे होता?"

सरळ प्रश्न होता. रीतीचा प्रश्न.



मी कोणाच्या मागे होते? त्या तिसऱ्या माणसाच्या मागे नव्हते. मी ज्या बाईच्या मागे होते, ती नव्हतीच, असं मीच सगळ्यांसमोर सांगितलं होतं.

"त्या तपकिरी कोटवाल्या म्हातारीच्या," मी शेवटी म्हटलं.

"कोणती म्हातारी?"

मी मासेवाल्याकडे वळले. तो माझ्या मागे दोन तास उभा होता. त्याच्या पिशवीनं माझा कोट ओला केला होता. मी म्हटलं, "अहो, सांगा ना यांना."

त्यानं माझ्याकडे पाहिलं, आणि माझ्याच आवाजात, माझ्याच थंडपणे म्हणाला, "मी यांना पाहिलेलंच नाही."

आणि पुढे होऊन त्यानं आपली चिठ्ठी सरकवली.

चौथा तोच ठरला. तो डॅंबिस होता की खरंच त्याला मी दिसले नव्हते, हे मला आजही कळलेलं नाही. डॅंबिस असावा. तसाच असावा, असं मी रोज स्वतःला सांगते.

मी काच ठोठावली. हात जोडले. मी, रेगीना, हात जोडले. तीनला खिडकी बंद झाली. मी खाली पाहिलं.

माझ्या बुटांखालची फरशी... कोरडी होती.

घरी पोचले तेव्हा कुलूप जसंच्या तसं होतं. वाटेत ठरवलं होतं, आईला सांगायचं, पत्र आलंच नाही, पोस्टाची चूक. पोस्टाच्या चुकीवर कोणाचाही विश्वास बसतो.

दार उघडलं आणि वास आला.

डांबराच्या गोळ्यांचा.

आईच्या पलंगाशी खुर्ची ओढलेली होती. आई स्वतःहून कूसही बदलू शकत नव्हती. खुर्चीखाली पाण्याचं थारोळं होतं, वितळणाऱ्या बर्फाचं. त्यात अजून पांढरे कण होते.

आई उशीला टेकून शांत पडली होती. अकरा वर्षांत तिचा असा चेहरा मी पाहिला नव्हता.

"आई, कोण आलं होतं?"

"काझिकचं पत्र घेऊन आली होती बिचारी. बसून वाचून दाखवलं तिनं. दोनदा वाचलं."

पत्र कुठेच नव्हतं. मी गादी उचलून पाहिली, पलंगाखाली वाकून पाहिलं. मी विचारलं, काय लिहिलंय? कुठं आहे तो? माझं नाव आहे का पत्रात? आधी ओरडून विचारलं, मग रडून विचारलं.

आई माझ्याकडे बघत राहिली. तिच्या डोळ्यांत राग नव्हता. तेच मला सहन होत नव्हतं.

"तुला कसं सांगू, रेनिया," ती म्हणाली. "तू तर त्या बाईला पाहिलेलंच नाहीस."

मी तिला पोस्टातलं काहीही सांगितलेलं नव्हतं.

आई एप्रिलमध्ये गेली. समाधानानं गेली. काझिकचा निरोप तिच्याबरोबर गेला, आणि मी ज्या दोन सूचना फ्रिजवर दाबून ठेवल्या होत्या, त्या अजून तिथंच आहेत. मला काढवत नाहीत.

तुम्ही म्हणाल, आईला भास झाला. थारोळं कशाचं, ते मग तुम्हीच सिद्ध करून दाखवा.

मी आता दर गुरुवारी दुपारी त्या पोस्टात जाते. मला कुठलंही पत्र यायचं नाही. त्या मेंढरांमध्ये, त्या बीटाच्या वासात उभी राहते. मला त्या बाईला एकच विचारायचंय, पत्रात माझं नाव होतं का. त्यासाठी आधी तिच्या मागे उभं राहावं लागेल.

आत शिरल्यावर मी मोठ्यानं विचारते, "शेवटचं कोण?"

रांगेतलं कोणी मान वर करत नाही. मी डांबराचा वास येतो का बघते, आणि कान देऊन थांबते...

अजून कोणी "मी" म्हटलेलं नाही.