चुन्याच्या रेघेच्या आत

ॲल्युमिनियमचा तो अठरा फुटी पाइप अंगणात आडवा पडलेला बघून कडूबानं कुंपणापलीकडूनच विचारलं, "निजामभाई, बोअर घेता काय? इथं पाचशे फुटाला बी पाणी लागत नाय."

"पाणी नाही रे, आवाज ओढायचाय," मी म्हणालो.

बत्तीस वर्षं मी टेलिफोन खात्यात दुसऱ्यांच्या तारा जोडल्या. रिटायर झाल्यावर हॅम रेडिओचं लायसन काढलं. आपल्या घरात बसून, मधे कुठली कंपनी न घेता, दूरच्या अनोळखी माणसाशी बोलायचं, एवढाच शौक. देवळाईत डोंगराच्या अंगाला आमचं बैठं घर, मागं बरीच मोकळी जागा. तिथं हा पाइप अँटेना म्हणून उभा करायचा होता. कडूबा शेजारी. कन्नड तालुक्यातली शेती पोराच्या हवाली करून इथं लेकीकडं राहायला आलेला आणि हाताला काम नाही म्हणून वैतागलेला. त्यानं पहार उचलली. खाली मुरूम इतका कडक की दोन दिवस गेले. मग पाइपाच्या बुंध्यापासून चहूकडं सोळा तारा जमिनीत पुरल्या आणि पाइप सरळ उभा केला.

मला काळजी होती ती अमिनाची. माझी बायको. मार्चमध्ये तिच्या छातीत पेसमेकर बसवला. डॉक्टर म्हणाले होते, रेडिओवर बोलत असाल तेव्हा त्यांनी अँटेनापासून दहा फूट लांब राहायचं, बाकी घाबरायचं कारण नाही. ते दहा म्हणाले, मी पंधरा धरले आणि बुंध्याभोवती चुन्याची गोल रेघ मारली.

"म्हातारपणी कबड्डी खेळायचीय का?" अमिना म्हणाली. घरात आम्ही दखनी बोलतो, इथं मराठीत लिहितोय.

"ही रेघ ओलांडायची नाही."

"वा. माझ्याच अंगणातून मला तडीपार करा."

तेवढ्यानं माझं समाधान होईना. अँटेना तपासायचा एक मीटर असतो; बुंध्याजवळ माणूस उभं राहिलं की त्याच्यावरचा आकडा उतरतो. यात जादूटोणा काही नाही, अंगातलं पाणी आणि मीठ, दुसरं काय? म्हणून मी नियम केला, की बोलायचं बटण दाबण्याआधी मीटर बघायचा, आणि आकडा उतरलेला दिसला तर बटणाला हात लावायचा नाही. नुसत्या मीटरनं मुंगीलाही काही होत नाही. सोमवारी सकाळी रेघेच्या आत कुणी नसताना मी मीटर शून्यावर लावला, म्हणजे पुढं तो आकडा किती उतरला तेवढंच दाखवेल, आणि एकेकाला बुंध्याशी उभं करून मोजलं. माझ्यानं आकडा एकतीसनं उतरला. कडूबानं अडतीसनं, गडी अंगानंही तसाच आहे. अमिनानं बावीसनं. तिनं गॅसवर दूध ठेवलं होतं, ती घाईनं आत गेली आणि मी मीटर बंद केला. ती गेल्यावर आकडा परत शून्यावर आला का, ते मी बघितलं नाही. कामात अशी हयगय मी आयुष्यात केली नव्हती.

मंगळवारी सकाळी खिडकीजवळच्या टेबलाशी बसलो. मीटर लावला. आकडा बावीसनं उतरलेला.

"अमिना, लांब हो तिथनं," मी ओरडलो.

"कुठनं?" स्वयंपाकघरातून आवाज आला. "मी पोहे भिजवतेय."

खिडकीतून बुंधा स्वच्छ दिसत होता. चुन्याची रेघ दिसत होती. आत कुणी नव्हतं.

मी सगळं तपासलं. जोड उघडले, पुसले, परत आवळले. केबल बदलली. कपडे वाळत घालायची तार सोडली. दव असेल म्हणून दुपारी बारा वाजता मोजलं. बुधवारीही तेच. एकवीस नाही, तेवीस नाही, बावीसच. बटण मी दाबलं नाही. कुणी नसेलही तिथं, पण असेल तर? अमिनाच्या जिवाशी खेळायची माझी छाती नव्हती.

गुरुवारी कडूबाला सांगितलं. तो खो खो हसला. "तुमचं मशीनच येडं झालं असंल," म्हणत रेघेच्या आत जाऊन उभा राहिला. मी मीटर बघितला. साठ. बावीस आणि अडतीस.

वर बघतो तर कडूबा दोन पावलं बाजूला झालेला आणि खांद्यावरचा टॉवेल सावरत खाली मान घालून उभा.

"सरकलास कशाला?"

"बाईमाणूस शेजारी उभं असलं म्हंजी सरकावं लागतं," तो म्हणाला. आपण काय बोललो ते त्याचं त्यालाच उमगलं असावं. त्याचा चेहरा उतरला. चहा गाळलेला होता, तो तसाच सोडून घरी निघून गेला.

शुक्रवारी मी अमिनाला बोलावलं. "जरा बुंध्याशी उभी राहतेस? रेडिओ बंद आहे."

मला चव्वेचाळीसची अपेक्षा होती. आकडा बावीसवरच राहिला.

"अजून जवळ जा. पाइप धर."

तिनं दोन्ही हातांनी पाइप धरला. बावीस.

"ये बाहेर."

ती रेघेबाहेर आली. बावीस.

मग मी धावत गेलो आणि स्वतः बुंध्याशी उभा राहिलो. अमिनाला खिडकीतून आकडा वाचायला सांगितला. "त्रेपन्न," ती म्हणाली. म्हणजे मीटर ठीक होता. त्याला मी कळत होतो, कडूबा कळत होता. फक्त अमिना कळत नव्हती.

मी पाइपाला धरून मटकन खाली बसलो. सोमवारी जिची बावीस नोंद झाली, ती इथून हललीच नव्हती. ती अजून इथंच होती, माझ्या हातभर अंतरावर.

मग सोमवारी दूध उतरवायला आत कोण गेलं?

खिडकीत अमिना उभी होती. तीच ओढणी, तोच चष्मा. मला भयंकर भीती वाटली, आणि लाजही वाटली. एकोणचाळीस वर्षं जिच्याशी संसार केला त्या बायकोला घाबरत होतो मी.

"अमिना," मी म्हणालो, "एकदा परत ये इथं. सोमवारी उभी होतीस ना, नेमक्या त्याच जागी उभी राहा. माझ्यासाठी."

तिनं माझ्याकडं बघितलं, मग माझ्या शेजारी बघितलं.

"तिथं जागा कुठाय?" ती म्हणाली.

रात्रभर मी बाहेरच्या खोलीत बसून राहिलो. शनिवारी उजाडताच कडूबा पहार घेऊन दारात आला. "उपटून फेकू, निजामभाई. लई झालं."

मी त्याच्या हातातली पहार काढून घेतली. पाइप काढला आणि बुंध्याशी उभी आहे ती पडली तर, मी त्याला विचारलं. कुठं जाईल ती? कडूबानं डोळे पुसले आणि तो गेला.

आठ वाजता अमिनाची हृदयाची गोळी असते. मीच देतो, नाहीतर ती विसरते. मी गोळी आणि पाण्यानं भरलेला ग्लास तिच्या हातात दिला. ती दोन्ही घेऊन मागच्या दारानं बाहेर गेली. मी चौकटीत उभा राहून बघत होतो. तिनं रेघ ओलांडली, वाकून बुंध्याशी ग्लास ठेवला, शेजारी गोळी ठेवली आणि परत आली.

"अगं, तुझी गोळी."

"जिला लागते तिला दिली," ती म्हणाली आणि माझ्या अंगाला घासून आत गेली. भांडी घासायला बसली.

मी तसाच अनवाणी बुंध्यापाशी गेलो. गोळी नव्हती. माती कोरडी होती.

ग्लास रिकामा होता, आणि पाणी पिऊन झाल्यावर अमिना नेहमी ठेवते तसा पालथा घातलेला होता.